बायजा आंबिवलीला राहायला गेली

बायजाला तिच्या कामाबद्दल विचारलं, तर ती म्हणते, "मी लग्नं लावते." आगरी लग्नात भटजींचं काम तासाभराचं असतं, बाकीचं बरंचसं लग्न धवलारणीच्या हातात असतं. मांडव घालण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, ती गाते. देवांना, गावाला, उखळ-मुसळाला, विहिरीच्या पाण्याला आणि वारलेल्या आज्या-पणज्यांना ती नाव घेऊन मांडवात बोलावते. ज्याचं नाव राहिलं तो लग्नाला आलाच नाही, असं मानतात. बायजाने शाळा पाहिलेली नाही. एकसष्टाव्या वर्षी तिला असे बावीस धवले तोंडपाठ आहेत.

तिची ओळख मला दिशामुळे झाली. दिशा आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत शेजारच्या दारात वाढलेली मुलगी. तिचं लग्न बायजाच्या हितेशशी झालं आणि दोघं घोडबंदर रोडला राहायला गेली. बायजा मात्र नवऱ्याबरोबर डोंबिवलीजवळच्या मानपाड्यालाच राहिली. एक दिवस दिशा तिला माझ्याकडे घेऊन आली. "आजी, तुम्ही रोज लिहिताच. माझ्या सासूबाईंची गाणी लिहून द्याल? त्यांच्यानंतर कुणालाच येत नाहीत."

माझ्या वहीत त्या दिवसाची तारीख आहे : २० सप्टेंबर २०२२, मंगळवार. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला बायजा यायची. ती चटईवर बसायची, मी टेबलाशी. पहिल्याच दिवशी कळलं, की तिला ओळ 'सांगता' येत नाही. ती फक्त गाऊ शकते, आणि तेही पहिल्या ओळीपासून. मधलं काही माझ्याकडून सुटलं आणि मी विचारलं, "बायजा, त्या पुढची ओळ कोणती?" की ती डोळे मिटून पुन्हा सुरुवातीपासून गाणार. माझा हात दुखायचा. तिला मजा वाटायची.

"शालेत तुना मारीत नव्हते काय गो बाय, हलू लिवते म्हनून?"

"मारायच्या. सिस्टर लोक पट्टीने मारायच्या, पण घाईत लिहिलं म्हणून."

"मंग बरोबर हाय. त्यानीच हलू झालीस."

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मला असं चिडवणारं माणूस माझे पती गेल्यापासून घरात नव्हतं. त्या दुपारांचे उपकार माझ्यावर आहेत, हे आधीच सांगून टाकते.

घरचं ती हळूहळू बोलली. तिचा नवरा राघो याला मानपाड्यात सगळे राघोशेठ म्हणतात. एमआयडीसीच्या बाजूची जमीन विकून त्याने बंगला बांधला. देवळाच्या कमिटीवर आहे, कुणाच्या मयताला पहिला हजर, बोलायला गोड. त्याने बायजावर कधी हात उचलला नाही. हे ती इतक्या वेळा म्हणायची, की मला ते वाक्य पाठ झालं होतं.

"मारीत नाय गो. फकस्त बोलत नाय."

राघोला राग आला की तो बोलणं बंद करायचा. कशाचा राग, हे सांगायचा नाही. ते तिने ओळखायचं. ती समोर उभी असताना तो हितेशला म्हणायचा, "तुझे आईला सांग, चहा आन." हितेश लग्न होऊन गेल्यावर तो भिंतीकडे बघून म्हणायला लागला. सर्वांत लांबचा अबोला सदतीस दिवसांचा झाला. बायजाने ते दिवस देव्हाऱ्यातल्या तांदळाच्या दाण्यांवर मोजले होते.

आणि बोलायचा तेव्हा तिच्या डोक्याबद्दल बोलायचा. किल्ल्या हरवल्या, तूच कुठेतरी टाकल्यास. गॅस चालू ठेवलास. कालवणात मीठ दोनदा घातलंस. पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायचा, "आमचे बायजाचं डोकं गेलं आता. मांडवात कशी गाते, देवालाच ठाव." पाहुणे हसायचे. बायजाही हसायची.

इथे मी माझी चूक लिहिली पाहिजे. १६ मे २०२३ ला, मंगळवारी, बायजा माझ्याकडे आली आणि गायला बसलीच नाही. म्हणाली, "बाय, मी घर सोडलं त काय व्हईल?" मी तिला चहा दिला आणि सांगितलं, की या वयात आता कुठे जाणार, पुरुषांचे स्वभाव असतात, थोडं सोसायचं, थोडं हसून सोडायचं. त्या रात्रीच्या नोंदीत मी स्वतःवर खूश होऊन लिहिलं आहे : 'बायजाला धीर दिला.' माझा स्वतःचा संसार चांगल्या माणसाबरोबर झाला. त्यांनी माझ्याशी एक दिवसही अबोला धरला नाही. मला वाटत होतं मी समजूतदारपणा शिकवते आहे. खरं तर मला विषयाची माहितीच नव्हती. बायजाने चहा प्यायला, मान हलवली, आणि पुढे दहा महिने तो विषय काढला नाही.

त्यानंतर राघोच्या पुतण्याचं लग्न आलं. २५ फेब्रुवारी २०२४. मी तिथे नव्हते, दिशाने नंतर सांगितलं ते लिहिते. मांडवाचा धवला चालू होता, बायजा पाटावर बसली होती, पूर्वजांची नावं घेऊन झाली होती. तेवढ्यात समोरच्या खुर्चीवरून राघो उठला.

"थांब. माझे आज्याचं नाव कुठं घेतलंस?"

"घेतलं की."

"रामा आज्याचं? नाय घेतलंस. इचार सगल्याना."

बाहेर डीजेवाले आवाज तपासत होते. कुणालाच नक्की सांगता येईना. एक म्हातारी म्हणाली, घेतलं वाटतं. दुसरी म्हणाली, नसेल घेतलं. राघोने हात पसरले. "मी सांगत नव्हतो? घरी मीठ दोनदा टाकते, हितं मानसं गालते." बायजाने धवला पहिल्यापासून पुन्हा म्हटला. धवलारणीला असं पुन्हा म्हणायला लावणं म्हणजे केवढा अपमान, ते त्या मांडवात सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या शुक्रवारी ती आली ती नारळ घेऊन. माझ्यासमोर ठेवला. "वही बंद कर गो. मी आता गानार नाय. माझं डोकं खरंच गेलं."

मागच्या वेळी बोलले होते त्याचं काय झालं ते दिसत होतं. मी उठले आणि कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. २० जानेवारी २०२३, मांडवाचा धवला, एकशे चव्वेचाळीस ओळी.

"शेवटचं एकदा म्हण," मी म्हटलं. "मी बोट ठेवून बघते."

तिने डोळे मिटले आणि गायली. मी बोट सरकवत गेले. देव आले, वेस आली, विहीर आली. तिसाव्या ओळीला रामा आजा आला, वहीत होता तसाच. पुढे एके ठिकाणी मात्र ती जे गात होती ते माझ्या कागदावर नव्हतं. दोन ओळी जास्त होत्या. मग पाहिलं, ती जागा बरोबर पान उलटण्याची होती. आंब्याच्या डहाळीचं गाणं सुरू झालेलं आणि त्याच्या पहिल्या दोन ओळी माझ्या वहीतून गायब. त्याशिवाय अर्थच लागत नव्हता. पान उलटताना मी त्या गाळल्या होत्या, आणि वर्षभर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

गाणं संपल्यावर मी तिला ते दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून बघत राहिली.

"म्हंजे तू चुकलीस?"

"मी चुकले. तू कुठेच चुकली नाहीस. एका वर्षाच्या अंतराने शब्दाला शब्द."

"रामा आजा?"

"तेव्हाही घेतला होतास, आजही घेतलास."

तिने पानावरून हात फिरवला. मग म्हणाली, "एवडं सगलं मना पाठ हाय. मंग मीठ दोनदा कोन टाकतं?"

तिला माझं उत्तर नको होतं. ते उत्तर तिने स्वतः शोधलं. मंगळवारी ती दोन स्टीलचे छोटे डबे घेऊन आली. एकात आंघोळीला जाण्याआधी टोपातून काढलेलं कालवण, दुसऱ्यात आंघोळ करून आल्यावर त्याच टोपातलं. मी मासे खात नाही. तरीही दोन्ही डब्यांतला रस चमच्याने चाखला. पहिलं बरोबर होतं. दुसरं तोंडात धरवेना.

"तीन दिवस केलं असं," ती म्हणाली. "तीनी दिवस. आनि तीनी दिवस तो जेवताना बोलला, खारट केलंस." तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून दाखवल्यावर माणूस बघतो, तशी ती त्या डब्यांकडे बघत होती. "एकेचाळीस वर्सं, गो बाय."

याच्या दुसऱ्या दिवशी तिने घर सोडलं असेल असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. ती जेव्हा जेव्हा 'जाते' म्हणायची, तेव्हा लगेच तिला काहीतरी आठवायचं. हितेशला टायफॉईड झाला होता, तेव्हा राघो अकरा दिवस दवाखान्यातल्या बाकावर बसून होता. तिची आई गेली तेव्हा सगळं त्याने केलं. "पुरा वाईट असता त सोप्पं झालं असतं," ती म्हणायची. हितेशला सांगितलं, तर तो फोनवर म्हणाला, "आई, मीठ काय घेऊन बसलीस? बाबा मारतात का तुला? सोसायटीत, गावात काय सांगायचं आम्ही?" पलीकडून दिशाचा आवाज आला, "हितेश, तू आठवडाभर असं जेवून दाखव, मग बोल." मग फोन बंद झाला.

पण खरी भीती वेगळी होती. ती एकदाच बोलली. नवरा सोडलेल्या बाईला लग्नात गायला कोण बोलावील? मंगलकार्य आहे ते. राघोचं घर सुटलं तरी चालेल, मांडव सुटला तर तिच्याकडे काय उरणार?

या प्रश्नावर मी दुसऱ्यांदा सल्ला द्यायला धजले नाही. मी म्हटलं, "ज्यांना माहीत असेल त्यांना विचारू." तिला शिकवणारी भीमाबाई आंबिवलीला राहते. शहाऐंशी वर्षांची, एकटी, स्टेशनपासून जवळच एका खोलीत. १२ मार्चला दिशाने सुट्टी घेतली आणि गाडीतून आम्हा दोघींना तिकडे नेलं.

भीमाबाई दारात सुकट निवडत बसली होती. बायजाने सगळं सांगितलं. म्हातारीने निवडणं थांबवलं नाही.

"माझा दादला गेला तवा मी किती वर्साची होते?"

"अठ्ठावीस."

"मंग तुना शिकवली कवा?"

"त्याच्या मागनं."

"अठ्ठावन्न वर्सं मी हे उघडं कपाल घेऊन मांडवात बसते. कुंकू बघून बोलवायचं असतं त मना कोनी बोलावलं असतं गो? या आगरी लोकानी माझ्या हातनं शेकड्यानी नवऱ्या काढल्या घरातनं." मग तिने बायजाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "पन खोटं नाय सांगनार. मी मेलेल्या नवऱ्याची, तू जित्याची. दोन मांडव सुटतील. तिसरा पन सुटंल. चौथा येईल."

"आनि नाय आला त?"

"त बस हितं सुकट निवडत. मी काय मरतंय काय निवडून?"

दिशा हसली. बायजासुद्धा हसली, आणि मग पदर तोंडाला लावून तिथेच दारात रडली. भीमाबाईने तिला पोटाशी वगैरे धरलं नाही. सुपातली अर्धी सुकट तिच्यापुढे सारली. दोघी निवडत बसल्या. निघताना म्हातारी एवढंच म्हणाली, "गोधड्या दोन रचलेल्या हायत. एक अंथरून जास्तीचं हाय."

मार्चच्या शेवटी राघोने पुन्हा अबोला धरला. कारण या वेळीही कळलं नाही. नवव्या दिवशी, ४ एप्रिलला, बायजाने एका पिशवीत चार साड्या आणि आईची चांदीची वाटी भरली. सकाळचे अकरा वाजले होते. दिशा आणि मी बंगल्याच्या फाटकापाशी गाडीत होतो. राघो ओटीवर खुर्चीत बसला होता. मी हे स्वतः पाहिलं, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

बायजा त्याच्यासमोर उभी राहिली. "मी आंबिवलीला जातंय. भीमाबाईकडं. राह्याला जातंय, भेटायला नाय. तुमाला काय बोलायचं असंल त बोला."

राघो बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्याला पुष्कळ बोलायचं आहे. पण बोलला असता तर अबोला मोडला असता, आणि तो मोडणारा या घरात तो कधीच नव्हता. त्याने दिशाकडे पाहिलं.

"तिला सांग, चाव्या ठेवून जा."

दिशा गाडीतून उतरली. "बाबा, त्या तुमच्यासमोर उभ्या आहेत. तुम्हीच सांगा ना."

बायजा थांबली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण ती चांगली तीन-चार मिनिटं थांबली. अजूनही तो 'थांब' म्हणाला असता, तर ती थांबली असती. हे तिनेच मला नंतर सांगितलं. तो भिंतीकडे बघत राहिला. मग तिने किल्ल्या ओटीच्या कठड्यावर ठेवल्या, वाकून त्याला नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसली. मानपाड्याचा नाका ओलांडला. नंतर बायजा म्हणाली, "दिशा, एसी बंद कर गो, थंडी लागते," आणि आम्ही तिघी हसत सुटलो.

भीमाबाईचा अंदाज बरोबर निघाला. एप्रिल-मेमधली दोन लग्नं हातची गेली. एका घरून निरोपही आला नाही. डिसेंबरातलं तिसरं लग्न राघोच्या भावकीतलं होतं, तेही गेलं. हितेश सहा महिने आईशी कोरडं बोलला. मग बापासाठी ठेवलेली तिसरी स्वयंपाकीण काम सोडून गेली, तेव्हा तो आंबिवलीला येऊन आईजवळ दुपारभर बसला. दिशा म्हणते, "पगार घेऊनसुद्धा बायका टिकेनात, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला." राघो तिला आणायला आला नाही. निरोप पाठवले, तेही तिसऱ्या माणसाकडून. बायजा प्रत्येक निरोप्याला चहा देते आणि सांगते, "तेला सांगा, बोलायचं असंल त हितं येऊन बोल. मी ऐकीन. यायचं का नाय, ते मंग बघू."

त्या वर्षात तिने भीमाबाईकडून आणखी तीन धवले घेतले, जे म्हातारीने पूर्वी तिला दिले नव्हते. मी आता महिन्यातून एकदा आंबिवलीला जाते आणि ते उतरवून घेते.

चौथा मांडव २ फेब्रुवारी २०२५ ला आला, आणि तोही मानपाड्याचाच. दर्शना नावाची मुलगी, घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात नोकरी करणारी. तिने घरी सांगितलं, की धवले लावायचे तर बायजाआजीच, मोबाईलवरचे नको. घरचे कसे तयार झाले, मला माहीत नाही. दिशा आणि मीही आमंत्रणावरून गेलो. बायजा पाटाजवळ पोहोचली, तेव्हा नवरदेवाकडची रखमाबाई नावाची एक ठसठशीत बाई मोठ्याने म्हणाली, "नवरा टाकून आलेली हाय. चालते काय तुमच्यात?"

बायजाचा हात पाटाच्या कडेवर होता, तो तिने काढून घेतला. मला वाटलं, आता ही मागे फिरणार.

दर्शनाची आई तांदळाचं ताट घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मंग तुमी गावा, रखमाबाय."

"मना येत असतं त मी कशाला गप बसले असते?"

"मंग आता पन गप बसा."

बायका खळखळून हसल्या. रखमाबाईलाही हसू आलं. ती सरकून बसली आणि बायजाला वाट करून दिली. बायजा पाटावर बसली, दर्शनाच्या आईने तिच्या कपाळाला हळद लावली, ओटीत नारळ घातला, आणि तिने पहिली ओळ उचलली. मी मागच्या रांगेत होते. नवऱ्या मुलीला घराबाहेर काढतानाचा धवला आला, तेव्हा तिचा आवाज एकदाही कापला नाही. दर्शना मात्र रडली, आणि रखमाबाई तिच्याहून जास्त.

जेवणाच्या वेळी पहिलं पान धवलारणीचं वाढतात. बायजाने आपल्या शेजारी माझं पान मांडायला सांगितलं. माझ्यासाठी वेगळी भाजी आणि वरण-भात आला. ती निवांत मांडी घालून बसली. भाकरी, कालवण, वर भात, मग पुन्हा थोडा भात. या अडीच वर्षांत ज्या लग्नांना मी तिच्याबरोबर गेले, त्यांत तिला लग्नातलं जेवण बसून जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. एरवी शेवटचा धवला झाला की ती पिशवी उचलून घराकडे धावायची. वाढणाऱ्याने विचारलं, "आजी, आनखी?"

"आन की," ती म्हणाली. "मना कुठं जायची घाई हाय?"

मी तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. तिला धीर द्यायला गेले होते, तेव्हा तिला अडवून बसले. तरी तिने ते मनात धरलं नाही. माझ्या शेजारी बसून ती भाताचा शेवटचा घास सावकाश संपवत होती, आणि मी देवाचे आभार मानत होते, की तिने माझं ऐकलं नाही.